डेल मारला जाताना खिशात साठ डॉलर

सॅन डिएगोजवळच्या डेल मार रेसकोर्सवर मी दर उन्हाळ्यात दोन-तीनदा जातो. 1937 मध्ये सुरू झालेलं हे रेसकोर्स. वरच्या मजल्यावरून समुद्र दिसतो, वारा छान लागतो आणि पैसे कसे जातात ते कळतही नाही. म्हणून खिशात साठ डॉलर रोख ठेवायचे आणि कार्ड गाडीत. आठ-दहा शर्यतींपैकी मी तीन-चारच खेळतो. त्या कोणत्या, हे आदल्या रात्री घरी बसून ठरवतो. हातात बिअर असताना ठरवलेलं मला तरी कधी फळलेलं नाही.

इथे तुम्ही खेळता ते इतर प्रेक्षकांशी. सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमतात, आधी कपात होते, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. साध्या विनवर, म्हणजे फक्त पहिला येणारा घोडा ओळखण्यावर, कपात साधारण 15 टक्के. पहिले दोन किंवा तीन घोडे क्रमाने ओळखायचे म्हटलं की 22-24 टक्के. नवख्या माणसाने विन सोडू नये.

बोर्डावर 5-2 भाव दिसला, तर दोन डॉलरच्या तिकिटाला सात परत मिळतात. मी स्वतःला विचारतो, हीच शर्यत सात वेळा झाली तर हा घोडा किती वेळा जिंकेल? दोनदा म्हणजे नुसती बरोबरी. तीनदा वाटलं तरच तिकीट खिडकीकडे जायचं. फेव्हरिट, म्हणजे ज्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत तो घोडा, साधारण तीनात एकदा जिंकतो, पण त्याचा भाव बहुतेक वेळा त्याहून कमी पैसे देतो.

आता खरी मेहनत: पुढे कोण पळणार? जुन्या शर्यतींच्या तक्त्यात प्रत्येक घोडा सुरुवातीला कितव्या नंबरवर होता ते असतं. पुढेच राहणारा एकच घोडा असेल तर तो आरामात पळतो आणि शेवटासाठी दम राखतो. तसे तीन असतील तर एकमेकांना दमवतात आणि मागून येणाऱ्याचं फावतं. याच मैदानावर झालेल्या 1996 च्या पॅसिफिक क्लासिक शर्यतीत, त्याआधी सलग 16 शर्यती जिंकलेला सिगार हा घोडा सुरुवातीच्या भन्नाट वेगामागे लागला, आणि मागून आलेल्या डेअर अँड गोने त्याला गाठलं. डेअर अँड गोचा भाव होता 39-1! गवतावरच्या शर्यतींचा इतिहास वेगळा वाचा. मातीवरचा राजा गवतावर कधीकधी रमतगमत येतो.

शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकमध्ये एक चक्कर मारा. मागच्या पायांमध्ये घामाचा फेस आणि डोकं सारखं झटकणं दिसलं, तर मी तिकीट काढतच नाही.

भरती-ओहोटीने माती बदलते असं मानणारे इथे पुष्कळ, काही जण तर भरतीचं वेळापत्रक घेऊन येतात. मी दोन मोसम वहीत नोंदी ठेवल्या, हाती काही लागलं नाही. बायको म्हणते, वही तरी स्वस्तात पडली.

आणि बोर्डावर निकाल अधिकृत झाल्याशिवाय तिकीट फाडू नका. माझा घोडा एकदा दुसरा आला, पहिल्या आलेल्याने वाट अडवली म्हणून त्यालाच निकालात मागे ढकललं आणि माझा पहिला ठरला, पण तोवर मी तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकून मोकळा झालो होतो. सगळे सापडले नाहीत.