एल्फांच्या घरचे लग्न कसे लिहावे

एल्फांची, म्हणजे कल्पित कथांमधल्या अमर लोकांची, प्रेमकथा लिहायला घेताना बहुतेक जण आधी नायिकेचे रूप रंगवतात आणि मग तिच्यामागे एक कठोर बाप उभा करतात. त्याआधी त्या समाजात लग्न नेमके कशाने पूर्ण होते हे ठरवून घ्यावे, कारण आईबापांचा अधिकार कुठवर चालतो हे त्यावरच अवलंबून असते.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांचे एल्डारांच्या, म्हणजे त्यांच्या कथांमधल्या एल्फांच्या, चालीरीतींवरचे लेखन, जे त्यांच्या पश्चात १९९३ मध्ये छापले गेले, या कामी बारकाईने वाचावे. तिथे वाङ्निश्चय दोन्ही घरांच्या बैठकीत जाहीर होतो, चांदीच्या अंगठ्यांची देवघेव होते आणि त्यानंतर निदान एक वर्ष थांबावे लागते. या मुदतीत मन फिरलेच तर अंगठ्या चारचौघांसमक्ष परत करायच्या आणि वितळवून टाकायच्या, म्हणजे त्या पुन्हा कोणाच्या वाङ्निश्चयात येत नाहीत. मोडलेली सोयरीक लिहिताना रडारड टाळून ती मूस दाखवावी आणि तिच्यात आकार सोडणारी चांदी पाहत उभी राहिलेली दोन घरे दाखवावीत.

विवाहाची तारीख वधूवरच ठरवतात. मेजवानीच्या शेवटी वधूची आई आणि वराचा बाप मिळून दोघांचे हात जुळवतात व आशीर्वाद देतात. चांदीच्या अंगठ्या ज्याच्या त्याला परत मिळतात आणि सोन्याच्या नाजूक अंगठ्या उजव्या हाताच्या तर्जनीत येतात. नोल्डोर या एल्फांच्या कुळात तर वधूची आई जावयाला आणि वराचा बाप सुनेला रत्नहार देतो. इथे मराठी लेखकाने शब्द जपून वापरावेत. ‘साखरपुडा’ एक वेळ खपेल, पण ‘कन्यादान’ मुळीच नको, कारण या विधीत मुलगी कोणी कोणाला देत नाही.

खरी मेख पुढे आहे. हे सारे विधी शोभेचे आणि मानाचे आहेत. विवाह पूर्ण होतो तो देहमीलनाने, आणि दोघेही अविवाहित असतील तर परस्परसंमतीने, साक्षीदारांविना केलेले लग्नही वैध ठरते. म्हणजे बापाला लग्न रद्द करता येत नाही, फार तर नाते नाकारता येते. टॉल्किन यांच्या कथेत एओल या एल्फाने नोल्डोरांच्या आरेडेलशी परस्पर लग्न केले, आणि पुढे तिच्या भाऊबंदांपैकी कुरुफिनने त्याला हेच सुनावले.

म्हणून बापाच्या हाती नकार देण्यापेक्षा अट घाला. एल्फांचा राजा थिंगोल आपली मुलगी लूथिएन हिला मागणाऱ्या बेरेन या मर्त्य माणसाकडे सिल्मारिल हे अमूल्य रत्न मागतो. लूथिएनला झाडावरच्या घरात कोंडतो तेव्हा मात्र त्याचा अधिकार संपून नुसती जबरदस्ती उरते, आणि ती पळून जाते. आर्वेनचा बाप एल्रॉन्ड अधिक मुरलेला. गोंडोर आणि आर्नोर या माणसांच्या दोन्ही राज्यांचा राजा होणाऱ्यालाच आर्वेन मिळेल, असे तो स्वतः लहानाचा मोठा केलेल्या आरागॉर्न या मर्त्य माणसाला सांगतो. टॉल्किन यांच्या कालगणनेतल्या तिसऱ्या युगाच्या २९८० साली दोघे वचनबद्ध होतात आणि लग्न ३०१९ मध्ये लागते. ही ३९ वर्षे आर्वेनच्या सत्तावीसशेहून अधिक वर्षांच्या आयुष्यात हिशेबातही धरली जाणार नाहीत, पण आरागॉर्न तेवढ्यात ४९ वरून ८८ वर पोचतो. तुमच्या कथेतही वाट पाहण्याचे प्रसंग अशा दोन वेगळ्या मापांनी लिहा: एल्फ बापाला एकच लांबलेला ऋतू द्या आणि जावयाला एकेक हिवाळा मोजायला लावा.