कॅलिफोर्नियातून ताईच्या घटस्फोटाचा निकाल कसा मागवला

ताईचं पुण्यात दुसरं लग्न ठरलं आणि विवाह नोंदणीसाठी आधीच्या घटस्फोटाच्या निकालाची प्रमाणित प्रत लागली. घटस्फोट कॅलिफोर्नियातला. तिथलं राज्याचं आरोग्य खातं फक्त १९६२ ते जून १९८४ या काळातल्या घटस्फोटांचा दाखला देतं, निकाल देतच नाही. खरी फाइल असते ज्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) केस चालली तिथल्या सुपिरियर कोर्टाच्या क्लार्ककडे. ताईची सांता क्लारात होती.

केस नंबर हाताशी नव्हता. कोर्टाच्या वेबसाइटवर नावावरून शोधला. अर्जात 'घटस्फोटाची कागदपत्रं' असं मोघम लिहिलं नाही, 'एफएल-१८० जजमेंटची सर्टिफाइड कॉपी' असं स्पष्ट लिहिलं. वैवाहिक नातं कोणत्या तारखेला संपलं ते या फॉर्मवर असतं, आणि पुन्हा लग्न करणाऱ्या बाईसाठी तीच तारीख सगळ्यात मोलाची. एफएल-१९० म्हणजे निकाल नोंदवल्याची नुसती सूचना, तेवढ्यावर भागत नाही. फी १५ डॉलर. सोबत पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडलं.

मग कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून (राज्याचं सरकारी कार्यालय) अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून जोडलेलं प्रमाणपत्र, २० डॉलर. भारतात २००५ पासून अपोस्टिल चालतं. स्कॅन करताना मात्र अपोस्टिल जोडलेल्या कागदांची पिन काढू नका.