होकायंत्राची सुई उलटी दाखवत होती, ती अशी सरळ केली

इंदूरला आमची शाळा जूनमध्ये सुरू होते. त्याआधी प्रयोगशाळा आवरताना दिसलं, की 12 छोट्या होकायंत्रांपैकी 7 यंत्रांचं रंगीत टोक दक्षिणेकडे थांबतंय. उन्हाळाभर ती पट्टीचुंबकांसोबत एकाच खणात पडली होती.

लोखंडी कपाटापासून लांब नेलं, हलवलं, रात्रभर तशीच ठेवली. काही फरक नाही. सुईचे ध्रुवच उलटले होते आणि पृथ्वीचं क्षेत्र ते पालटण्याइतकं प्रबळ नसतं. दोन दिवस हकनाक गेले.

आधी खात्रीचा चुंबक हवा. जूनमध्ये इंदूरला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, सावलीवरून उत्तर कळत नाही. म्हणून रात्री अंगणात पट्टीचुंबक मधोमध दोऱ्याने टांगला; स्थिर झाल्यावर ध्रुवताऱ्याकडे राहिलेलं टोक उत्तर. (ध्रुवतारा इथे क्षितिजापासून साधारण 22 अंशांवरच, झाडं आड येतात.)

मग लाकडी टेबलावर होकायंत्र उपडं केलं, म्हणजे सुई काचेला टेकून अडते. चुंबकाचं दक्षिण टोक सुईच्या बिनरंगी टोकावर टेकवलं, झटकन रंगीत टोकापर्यंत ओढलं आणि तिथून सरळ वर उचललं. परतीचा हात यंत्रापासून लांबून. असं पाच-सहा वेळा. हळू ओढलं तर सुईच चुंबकामागे फिरते. माझी पहिली दोन यंत्रं त्यामुळेच पुन्हा करावी लागली.

सातही आता उत्तर दाखवतात. होकायंत्रं वेगळ्या डब्यात ठेवली. चुंबक जोडीने, विरुद्ध ध्रुव शेजारी, मध्ये लाकडी पट्टी, दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे.