ओल्या धावपट्टीचा प्रश्न: नकारानंतर पुन्हा पायलटच्या इंटरव्ह्यूला बसताना

पहिल्या इंटरव्ह्यूत मला विचारलं होतं, धावपट्टी ओली असेल तर व्ही-वन (टेकऑफ सोडून थांबायचं असेल तर ज्या वेगापर्यंत थांबायला सुरुवात करावी लागते तो वेग) वाढतो की कमी होतो? मी म्हणाले, "वाढतो." समोरचे कॅप्टन शांतपणे म्हणाले, "नक्की?" मी लगेच फिरले, "नाही सर, कमी होतो." त्यांनी विचारलं, "का?" आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. नंतर वीसेक मिनिटं बोलणं चाललं, पण माझा निकाल बहुधा तिथेच लागला होता. चार दिवसांनी दोन ओळींचा मेल आला.

मी सोलापूरची. अक्कलकोट रोडला आमचे टेरी टॉवेलचे सहा माग आहेत. दोनशे तासांचं फ्लाइंग, मल्टी-इंजिन, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, सगळं पूर्ण करून सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) घेऊन मी घरी आले तेव्हा कर्जाचे हप्ते सुरू झाले होते आणि नोकरी नव्हती. अशात पहिलाच नकार आला की माणूस आतून हलतो. हे लिहितेय ते त्या अवस्थेत असलेल्या मुलामुलींसाठी. माझा अनुभव एटीआरसारखी (पंख्यांवर चालणारी, म्हणजे टर्बोप्रॉप) विमानं चालवणाऱ्या, छोट्या पल्ल्याच्या कंपन्यांपुरता आहे.

त्या रात्री मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने परतताना वरच्या बर्थवर पडून मी आठवतील तेवढे प्रश्न वहीत लिहून काढले. रडू येत होतं तरी लिहिले, आणि ते फार बरं झालं. दोन दिवसांनी लिहायला बसले असते तर निम्मे विसरले असते आणि उरलेले मनाने बदलून टाकले असते. एकतीस प्रश्न निघाले. घरी आल्यावर प्रत्येकासमोर खूण केली. तेरा उत्तरं ठीक होती. चार प्रश्नांची उत्तरं मला खरोखरच ठाऊक नव्हती. तीन प्रश्न माझ्याविषयीचे होते आणि ते मी वाईट दिले होते. उरलेल्या अकरांचं उत्तर मला पाठ होतं, कारण मात्र सांगता आलं नव्हतं.

तोपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की अभ्यास कमी पडला, आता सगळी पुस्तकं पहिल्या पानापासून वाचायची. तसं केलं असतं तर सहा महिने गेले असते आणि ते अकरा प्रश्न तसेच राहिले असते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: आधी ही खुणा करण्याची बैठक घाला, मग पुस्तक उघडा. तुमची वर्गवारी माझ्यापेक्षा वेगळी निघेल. कुणाचं ज्ञान पक्कं असतं आणि सिम (सिम्युलेटरवरचं उड्डाण) कच्चं असतं.

आता त्या ओल्या धावपट्टीचं. व्ही-वनची व्याख्या "डिसिजन स्पीड" अशी पाठ केलेली असते आणि तिथेच फसायला होतं. व्ही-वनला पोचून विचार करायचा नसतो. थांबायचं असेल तर थांबण्याची पहिली कृती त्या वेगापर्यंत सुरू झालेली असावी लागते. धावपट्टी ओली असली की ब्रेक कमी लागतात, थांबायला अंतर जास्त जातं. उरलेल्या धावपट्टीत थांबायचं तर निर्णय कमी वेगात असतानाच व्हायला हवा, म्हणून व्ही-वन कमी. हे एवढं समजलं की कॅप्टननी दहा वेळा "नक्की?" विचारलं तरी पाय घसरत नाही.

समजलंय की नाही हे तपासायला मला घरचे माग सांभाळणारे आप्पा मिळाले. आप्पा दहावीपर्यंत शिकलेले, विमानात कधी बसलेले नाहीत. संध्याकाळी मागावर जाऊन मी रोज एक प्रश्न त्यांना मराठीत समजावायचे. माग चालू असताना मोठ्याने आणि सुटसुटीत बोलावंच लागतं. मी इंग्रजी शब्दांची माळ लावली की ते म्हणायचे, "मला कळंल असं सांग की गं." जिथे मला मराठीत सांगता येईना, तिथे मला ते कळलेलंच नव्हतं, हे दर वेळी खरं निघालं. मग तोच प्रश्न रात्री फोनवर माझ्या बॅचमेटला इंग्रजीत सांगायचा आणि रेकॉर्ड करून ऐकायचा. इंटरव्ह्यू इंग्रजीतच होतो, त्यामुळे दुसरी पायरी टाळू नका.

एका संध्याकाळी मी त्यांना ट्रान्सएशियाच्या २३५ क्रमांकाच्या विमानाचा अपघात सांगितला. फेब्रुवारी २०१५, तैपेई, विमान एटीआर ७२-६००. टेकऑफनंतर उजव्या बाजूच्या, म्हणजे दोन नंबरच्या इंजिनाचा पंखा आपोआप फेदर झाला (पाती वाऱ्याच्या रेषेत वळली, ओढ थांबली) आणि वैमानिकाने चालू असलेलं एक नंबरचं इंजिन मागे ओढून बंद केलं. त्रेचाळीस माणसं गेली. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सहा मागांतला एक बंद पडला की आवाजात फरक पडतो, पण कुठला बंद पडला ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी हात घालत नाही. घाईत चालत्या मागात हात गेलेली माणसं बघितलीत मी." मी तेच वाक्य वहीत उतरवून घेतलं, कारण कॉकपिटमध्ये शिकवतात तेही हेच: आधी विमान सांभाळा, मग कुठलं इंजिन गेलं ते दोघांनी मिळून ओळखा, मग दोघांनी खात्री केल्यावरच लिव्हरला हात लावा.

टर्बोप्रॉपवाल्या कंपनीत जायचं असेल तर हा भाग खोलवर करा. बंद इंजिनाचा पंखा फेदर का करायचा (वाऱ्याने फिरत राहिलेला पंखा प्रचंड ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, देतो), एटीआरमधली एटीपीसीएस ही यंत्रणा टेकऑफला इंजिन गेल्यावर काय करते (गेलेल्या इंजिनाचा पंखा फेदर करते आणि दुसऱ्याची ताकद वाढवते), दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरत असल्यामुळे डावं इंजिन क्रिटिकल (ते गेलं तर विमान सांभाळणं जास्त अवघड) का ठरतं. बर्फाचंही वाचा. १९९४ मध्ये अमेरिकेत रोझलॉनला पडलेलं एटीआर पंखांवर साचलेल्या बर्फामुळे पडलं होतं. महाराष्ट्रात उडायचं तर बर्फ कशाला, असं मलाही वाटायचं. पावसाळ्यातल्या ढगात वीस हजार फुटांवर तापमान शून्याखाली असतं, हे आपणच मेटिऑरॉलॉजीच्या पेपरात लिहून आलेलो असतो.

परफॉर्मन्सच्या तयारीला मला आमचं सोलापूरच कामी आलं. होटगी रोडच्या विमानतळाची उंची साधारण सोळाशे फूट. मे महिन्यात दुपारी बेचाळीस अंश. सोपं करायला दाब प्रमाण धरू. सोळाशे फुटांवर प्रमाण तापमान अंदाजे बारा अंश, म्हणजे आपण तीस अंशांनी वर. दर अंशाला एकशेवीस फूट धरले की छत्तीसशे. डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवा विरळ झाल्यामुळे विमानाला जाणवणारी उंची, आली बावन्नशे फूट. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे. म्हणजे सोलापुरात मेच्या दुपारी विमानाला वाटतं आपण महाबळेश्वरच्याही वर आहोत. हे गणित मी दुसऱ्या इंटरव्ह्यूत तोंडी केलं, आणि तुमच्या गावाचं गणित तुम्हीही तोंडी करून जा. "तुमच्या जवळच्या विमानतळाविषयी सांगा" हा प्रश्न हमखास येतो.

आमच्याकडे तर चिमणीचाही विषय आहे. विमानांच्या वाटेत अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली. गावात त्यावरून किती ताण होता ते सोलापूरकरांना सांगायला नको, आणि कारखान्यावर पोट असलेल्यांचं दुःख मला आजही समजतं. मी फक्त उड्डाणाचा हिशोब मांडते. धावपट्टीच्या वाटेत तीनशे फुटांचा एखादा अडथळा आहे असं समजा. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन गेलं तर दुसऱ्या सेगमेंटमध्ये (चाकं आत घेतल्यानंतरच्या चढाच्या टप्प्यात) किमान २.४ टक्के चढ मिळायलाच हवा. त्या चढाने तीनशे फूट चढायला ३.८ किलोमीटर लागतात. पण अडथळ्यासाठी नेट चढ (सुरक्षिततेसाठी मुद्दाम कमी केलेला) धरतात, तो ०.८ टक्क्याने कमी, म्हणजे १.६. मग तेच अंतर ५.७ किलोमीटर होतं. टेकऑफचं अंतर संपताना विमान पस्तीस फुटांवर असतं आणि अडथळाही पस्तीस फुटांनीच टाळायचा असतो, म्हणून चढायचे तीनशेच. पहिला सेगमेंट मी सोडून दिलाय, इंटरव्ह्यूत सोडू नका. हे आकडे पाठ करून मला कधीच राहिले नव्हते. चिमणी डोळ्यांसमोर आली आणि राहिले.

माझ्याविषयीचे जे तीन प्रश्न मी वाईट दिले होते, त्यातला मोठा होता, "छोट्या पल्ल्याची कंपनी का?" मी म्हणाले होते, तास जमवायचेत, पुढे एअरबसवर जायचंय. खोटं नव्हतं, पण समोरचा माणूस तेच विमान वीस वर्षं उडवतोय. शिवाय मी त्या कामाचा विचारच केलेला नव्हता. ९ जून २०२५ ला सोलापूरहून गोव्याला फ्लाय९१ चं एटीआर सुरू झालं, तेव्हा मी बघायला गेले होते. २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, तरी विमान यायला इतके महिने लागले होते. विमानाकडे हात करणारी म्हातारी माणसं बघून पहिल्यांदा वाटलं की हे काम म्हणजे मोठ्या नोकरीची पायरी एवढंच नाही. दिवसाला चार-पाच टेकऑफ-लँडिंग, छोट्या धावपट्ट्या, उन्हाळ्यातली उष्ण हवा, दुपारचे वळवाचे ढग, वीस-पंचवीस मिनिटांत पुन्हा निघायचं. नवख्या एफओचा (को-पायलटचा) हात इथे जितका बसतो तितका लांबच्या उड्डाणात बसणार नाही. उडान योजना २०१६ मध्ये आली, तिच्यात छोट्या शहरांच्या मार्गांसाठी सरकार कंपनीला व्हायबिलिटी गॅप फंडिंग (तुटीची भरपाई) कसं देतं, हेही वाचून गेले. कंपनी पैसे कुठून कमावते हे माहीत असलेला उमेदवार वेगळा दिसतो.

दुसरा प्रश्न होता, "शेवटचं उड्डाण कधी?" आणि मी लॉगबुक चाळायला लागले होते. ती तारीख, एकूण तास, पीआयसीचे (स्वतः कमांडमध्ये असतानाचे) तास, इन्स्ट्रुमेंटचे तास तोंडावर हवेत. इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि क्लास वन मेडिकल दोन्ही दर वर्षी नूतनीकरणाला येतात. नोकरी नसताना हा खर्च जिवावर येतो, तरी संपू देऊ नका. कॉल आला आणि रेटिंग संपलेलं, असं माझ्या एका मित्राचं झालं.

सिमसाठी माझ्याकडे पैसे फक्त दोन तासांपुरते होते. म्हणून त्याआधी महिनाभर भिंतीवर कॉकपिटचं पोस्टर लावून, खुर्चीत बसून प्रत्येक कॉलआउट मोठ्याने म्हणत सराव केला. दोन तासांत फक्त रॉ डेटा आयएलएस (ऑटोपायलटच्या मदतीशिवाय, नुसत्या सुया बघून धावपट्टीवर येणं) आणि टेकऑफला इंजिन फेल्युअर. चूक झाली तर तोंडाने सांगायची आणि दुरुस्त करायची: "स्पीड लो, करेक्टिंग." परीक्षक त्यावरून बघतात की शेजारी बसलेल्या माणसाला तुमच्या मनात काय चाललंय ते कळतं का.

पुन्हा अर्ज करताना जाहिरात नीट वाचा, काही कंपन्या नकारानंतर ठरावीक काळ अर्ज घेत नाहीत. मी दुसऱ्या कंपनीत गेले. तिथे एचआरने विचारलं, "आधी कुठे नाकारलंय का?" मी हो म्हटलं आणि वहीतल्या चार आकड्यांसकट काय बदललं ते सांगितलं. टेक्निकलमध्ये हायड्रॉलिक पंपाविषयी असं काही विचारलं जे मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "सर, हे मला माहीत नाही. एफसीओएममध्ये बघून सांगावं लागेल." (एफसीओएम म्हणजे वैमानिकांसाठीची विमानाची माहितीपुस्तिका.) कॅप्टननी मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला.

नवव्या दिवशी मेल आला तेव्हा मी मागावरच होते. आप्पांनी सहाही माग बंद केले आणि म्हणाले, "वाच मोठ्यानं."