कोरियनच्या तुकड्यातून नावाची पाटी, स्क्रोल सॉवर

किचनच्या कोरियनच्या ओट्यात सिंक बसवताना मधला जो चौकोन कापून काढतात ना, तो बऱ्याचदा भंगारातच जातो. आमच्या ठाण्यात वागळे इस्टेटला ओटे बनवणाऱ्या एका गाळ्यात विचारलं तर त्यांनी चहापाण्याच्या पैशात तीन तुकडे दिले, त्यातले दोन मी वाया घालवले आणि तिसऱ्यातून स्क्रोल सॉवर (बारीक उभं ब्लेड वर-खाली हलवून नक्षी कापणारं मशीन) दरवाजावरची पाटी झाली, ती कशी ते सांगतो.

आधी तुकडा खरंच सॉलिड सरफेस (अॅक्रिलिक आणि खनिज पावडर मिसळून बनवलेला कृत्रिम दगड) आहे का बघा. सगळे त्याला कोरियन म्हणतात, पण कोरियाचा काही संबंध नाही, ते ड्यूपॉन्ट या अमेरिकन कंपनीने १९६७ मध्ये काढलेल्या मटेरियलचं ब्रँड नेम (आता कोरियन कंपन्यापण असला माल बनवतात हा भाग वेगळा). मागच्या बाजूला कटरने जोरात ओरखडा काढायचा, पांढरी पावडर निघाली तर ठीक, कटरच घासला गेला तर ते क्वार्ट्झ किंवा ग्रॅनाइट, त्याच्या नादी लागू नका, स्क्रोल सॉचं ते काम नाही.

आता खरी गोम. कोरियनमध्ये साधारण एक तृतीयांश अॅक्रिलिक आणि बाकी अॅल्युमिनियम ट्रायहायड्रेटची पावडर असते. कापताना पावडरचा त्रास नाही, त्रास अॅक्रिलिकचा, ब्लेड तापलं की ते वितळतं आणि भुसा ब्लेडच्या मागेच परत चिकटतो. माझा पहिला तुकडा, रेष पूर्ण फिरवून झाली, मशीन बंद केलं, अक्षर बाहेर काढायला गेलो तर हलेचना, कापलेलं सगळं मागून वेल्डिंग झालेलं! ठोकून काढायला गेलो आणि मोडलं.

म्हणून बारीक दातांचं ब्लेड अजिबात नको. वाटतं की बारीक दात म्हणजे साफ कट, पण त्यात भुसा अडकतो आणि गरम होतं. स्किप टूथ (एकाआड एक दात गाळलेलं ब्लेड) घ्या, १२ एमएमच्या तुकड्याला ५ किंवा ७ नंबर. स्पीड अर्ध्याच्याही खाली, आणि तुकडा ढकलायचा नाही, ब्लेड जेवढं खाईल तेवढंच द्यायचं. ढकलावं लागतंय म्हणजे ब्लेड बोथट झालं, बदला, कंजूसपणा करू नका. वरून पारदर्शक पॅकिंग टेप लावा, साधी खोके बंद करायची, तिच्यामुळे ब्लेड कमी तापतं. मला पण आधी खोटं वाटलेलं.

अक्षरांचं डिझाइन मात्र नीट विचार करून काढा. देवनागरीत शिरोरेषा आहे म्हणून अख्खं नाव एका तुकड्यात निघतं, इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं होतं. पण ग, ण, श यांचा काना फक्त शिरोरेषेलाच लटकलेला असतो आणि हे मटेरियल बारीक झालं की काचेसारखं तुटतं. म्हणून शिरोरेषा जाड ठेवा, मी १२ एमएम ठेवली, आणि आतले कोपरे टोकदार न ठेवता गोल करा, चीर तिथूनच जाते. व, ब, म यांच्या पोटातले भाग आधी कापायचे, बाहेरची कड सगळ्यात शेवटी, म्हणजे हातात धरायला माल राहतो. पोटातल्या भागासाठी ३ एमएमचं भोक पाडताना खाली प्लायचा तुकडा ठेवा नाहीतर मागून टवका उडतो. पिनवालं ब्लेड (दोन्ही टोकांना आडवी पिन असलेलं) त्या भोकातून जाणार नाही, बिनपिनचंच लागेल.

पावडर भयंकर बारीक असते, एन९५ मास्क हवाच. आमच्या सोसायटीत दुपारी २ ते ४ मशीन चालवायला बंदी, तर मी सकाळी बाल्कनीत सुरू केलं आणि खालच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे पांढरे झाले. त्यापुढे व्हॅक्यूमचा पाइप ब्लेडजवळच बांधून ठेवतो.

घासायला १२० चा पेपर, मग २२०, ३२०, शेवटी ४०० पाणी लावून, वरून हिरवा स्क्रबर गोल गोल. पांढऱ्या तुकड्यावर चरे लपतात, काळ्यावर एकेक दिसतो, म्हणून पहिल्यांदा पांढराच घ्या. आणि काना तुटलाच तर फेविक्विक लावून दाबून धरा, माझ्या पाटीतला श तसाच जोडलेला आहे, अजून कोणाला कळलेलं नाही.