मोठ्या रंगीत ई-इंक टॅबलेटवर रोजचं वाचन : उजेड, मार्जिन आणि रंग कसे जुळवावेत

मोठा रंगीत ई-इंक टॅबलेट, म्हणजे कागदासारखा बाहेरच्या उजेडात वाचता येणाऱ्या पडद्याचा टॅबलेट, खोक्यातून काढला की बहुतेकांना पहिली शंका येते ती पडद्याच्या काळपटपणाची. पडद्यात दोष नसतो. कॅलिडो ३ प्रकारच्या पडद्यात नेहमीच्या काळ्या-पांढऱ्या ई-इंकवर लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची गाळणी बसवलेली असते. येणारा उजेड त्या गाळणीतून आत जातो आणि तिच्यातूनच बाहेर येतो, त्यामुळे पांढरा भाग राखाडी दिसतो. काळा मजकूर इंचाला ३०० ठिपक्यांचा दिसतो, रंग मात्र १५० ठिपक्यांचे, आणि एकूण ४,०९६ छटा. या मर्यादा लक्षात ठेवून सेटिंग केलं तर हे यंत्र रोजच्या वाचनाला उत्तम आहे, विशेषतः पीडीएफसाठी.

खालच्या पायऱ्या असा पडदा असलेल्या, बूक्स कंपनीच्या १०.३ आणि १३.३ इंची अँड्रॉइड टॅबलेटना धरून आहेत. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीनुसार मेनूतली नावं थोडी बदलतात. रीमार्केबल पेपर प्रो या दुसऱ्या कंपनीच्या टॅबलेटचा ११.८ इंची पडदा वेगळा आहे. त्यात रंगीत कणच वापरलेले असल्यामुळे गाळणी नाही, पण रंगीत पान बदलताना तो जास्त लुकलुकतो.

१. आधी उजेड

सेटिंगला हात लावण्यापूर्वी बसायची जागा ठरवा. दिवसा खिडकीशेजारी बसलात तर टॅबलेटचा पडद्यावर उजेड टाकणारा दिवा बंद ठेवूनही छान वाचता येतं. रात्री खोलीतल्या एकट्या छताच्या बल्बवर भागत नाही. टेबल लॅम्प खांद्यामागून पानावर येईल असा ठेवा, मग टॅबलेटचा दिवा हळूहळू वाढवा. शेजारी एखादं छापील पुस्तक उघडून ठेवा आणि दोन्ही पानं सारखीच उजळ वाटू लागली की थांबा. काळ्या-पांढऱ्या ई-रीडरपेक्षा इथे दिवा जास्तच लागतो, त्यात वावगं काही नाही.

२. पान पडद्यावर किती लहान होतं ते पाहा

१३.३ इंची पडदा साधारण २७ × २०.३ सेंमी असतो. त्यावर ए-४ पान सुमारे ९१ टक्के आकारात बसतं, म्हणजे जवळजवळ छापल्यासारखं. १०.३ इंची पडद्यावर तेच पान ७० टक्क्यांवर येतं आणि १२ पॉइंटचं अक्षर ८.४ पॉइंटचं होतं. देवनागरीत मात्रा, रफार, अनुस्वार ओळीच्या वर आणि उकार खाली जातात, त्यामुळे एवढ्या आकारात डोळे शिणतात. म्हणून १०.३ इंचावर पुढची पायरी टाळू नका.

३. मार्जिन कापा

ए-४ पानाला चारही बाजूंनी २ सेंमी मार्जिन असेल आणि ते कापलं, तर १०.३ इंची पडद्यावर मजकूर ७० वरून ८२ टक्क्यांवर जातो. निओरीडर या बूक्सच्या वाचनाच्या ॲपमध्ये पानाच्या मध्यभागी टॅप करून पानाच्या रचनेचा मेनू उघडा आणि आपोआप कापण्याचा पर्याय निवडा. ऑफिसची पत्रं, शासन निर्णय, संगणकावर तयार झालेली पुस्तकं यांना एवढं पुरतं.

जुन्या पुस्तकांच्या स्कॅनला हा पर्याय फसतो. स्कॅनच्या कडेला काळी सावली असते, सॉफ्टवेअर तिलाच मजकूर समजतं आणि काही कापतच नाही. अशा वेळी हाताने चौकट ओढा. बांधणीमुळे सम आणि विषम पानांची मार्जिनं वेगळी असतात, तेव्हा दोन्हींसाठी वेगळी चौकट ठेवण्याची सोय निवडा, नाहीतर एका आड एक पानावर ओळीची पहिली अक्षरं कापली जातील. एवढं करूनही अक्षर बारीक वाटलं तर टॅबलेट आडवा धरा आणि पान वरचा अर्धा, खालचा अर्धा असं वाचा. कोरीडर हे मोफत ॲपही स्कॅनसाठी घालून ठेवावं. त्यात पानागणिक मार्जिन ओळखण्याची सोय आहे.

४. कॉन्ट्रास्ट : ध आणि भ बघून ठरवा

कॉन्ट्रास्ट कमी असला की आधी शिरोरेषा फिकट होते आणि अनुस्वार दिसेनासा होतो. म्हणून तो एकेक घर वाढवत न्या. पण अतिरेक झाला की उलटा त्रास सुरू होतो. ध आणि भ यांच्या डोक्यावरची शिरोरेषेतली फट बुजते, ध चा घ आणि भ चा म दिसू लागतो. ‘धन’ आणि ‘भार’ असे शब्द असलेली एक ओळ शोधा, तिच्यावर नजर ठेवून कॉन्ट्रास्ट वाढवा, आणि फट बुजायला लागली की एक घर मागे या. जोडाक्षरंही तपासा, विशेषतः द्ध आणि द्व. ही तपासणी प्रत्येक स्कॅनसाठी नव्याने करावी लागते, कारण शाईचा दाटपणा पुस्तकागणिक बदलतो.

ईपबमध्ये, म्हणजे अक्षराचा आकार आणि फॉन्ट बदलता येणाऱ्या ई-पुस्तकात, काम सोपं आहे. स्टोरेजमधल्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये मुक्ता किंवा टिरो देवनागरी मराठी हे मोफत फॉन्ट टाका. टिरोमध्ये मराठी वळणाचे ल आणि श मिळतात. मुक्ताचं साधं वजन, म्हणजे रेषेची जाडी, राखाडी पडद्यावर बारीक वाटतं, म्हणून मीडियम घ्या.

५. रंग शेवटी लावा

बालभारतीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये मोफत मिळतात, आणि रंगीत पडद्याचा खरा उपयोग अशा पानांवर दिसतो : नकाशे, आकृत्या, रंगीत चौकटी. १९७१ साली सुरू झालेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही तसेच वाचता येतात. दिवाळी अंकांच्या ई-आवृत्त्यांतली चित्रं आणि जाहिरातीही इथे खुलतात.

अडचण फिकट रंगाच्या चौकटींची. गुलाबी किंवा पिवळ्या पार्श्वभूमीवर काळा मजकूर असला की पडदा ती फिकट छटा ठिपके मिसळून दाखवतो आणि अक्षरांमागे रवा सांडल्यासारखं दिसतं. यासाठी ई-इंक सेंटर या पडद्याच्या सेटिंगच्या मेनूमधला फिकट रंग गाळण्याचा स्लायडर वाढवा. छटा पांढरी होते, अक्षर मोकळं होतं. नकाशा पाहताना मात्र तो परत खाली आणा, नाहीतर उथळ समुद्राचा फिकट निळा रंग नाहीसा होईल. रंगांचा ठळकपणा मध्यमच बरा, फार वाढवला की माणसांचे चेहरे विटकरी दिसतात. लाल अक्षरातली शीर्षकं काळ्या मजकुराइतकी रेखीव दिसणार नाहीत, कारण रंगाचे ठिपके निम्मेच आहेत. त्यावर सेटिंगचा इलाज नाही.

६. पान ताजं करणं

पडदा किती वेगाने आणि किती स्वच्छ बदलावा हे मोड ठरवतो. वाचताना एचडी किंवा रीगल मोड ठेवा. ब्राउझरमध्ये खाली सरकताना फास्ट मोड चालतो, पण त्यात अक्षरांच्या कडा खडबडीत होतात आणि मागच्या पानाची पुसट सावली राहते. मजकुराच्या पुस्तकात दर ५ ते १० पानांनी पडदा पूर्ण ताजा, म्हणजे पुसून नव्याने उमटू द्या, चित्रांच्या पुस्तकात दर पानाला. मोड ॲपनुसार वेगळा ठेवता येतो, तेव्हा एकदाच लावून टाका.

फायलींचं काय

टॅबलेट आणि संगणक एकाच वाय-फायवर असतील तर बूक्सड्रॉप या बूक्सच्या सोयीने ब्राउझरमधून फाइल पाठवता येते. मोठ्या फायलींना यूएसबी केबल बरी. दोनशे पानांचा रंगीत स्कॅन खूप जड असला की पान उलटायला वेळ लागतो. संगणकावर घोस्टस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरने फाइल हलकी करता येते, पण त्यातलं ‘ईबुक’ सेटिंग चित्रं १५० डीपीआयवर (इंचाला १५० ठिपक्यांवर) आणतं. छायाचित्रांना ते चालेल, पण स्कॅनमध्ये मजकूरही चित्रच असतो, त्यामुळे अक्षरं फुटतात. स्कॅनसाठी ‘प्रिंटर’ सेटिंग, म्हणजे ३०० डीपीआय, वापरा.

युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या मराठी पीडीएफमध्ये ‘रीफ्लो’, म्हणजे मजकूर पडद्याच्या मापाने नव्याने मांडणं, केलं की अगम्य चिन्हं उमटतात आणि शब्द शोधता येत नाहीत. फाइल खराब नसते. तिच्यात देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवलेले असतात. अशी पुस्तकं मूळ पानाच्या रूपातच वाचा. शोध हवाच असेल तर पानांची चित्रं करून टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरच्या मराठी ओसीआरमधून (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या सोयीतून) काढा. जोडाक्षरांच्या चुका तपासाव्या लागतील.

वृत्तपत्राचं ई-पेपरचं अख्खं पान १३.३ इंचावरही साधारण निम्म्या आकारात येतं. पूर्ण पानावर फक्त मथळे चाळा आणि बातमीवर टॅप करून तिचं कात्रण उघडा.

हाताळणी

ई-इंक पडद्याच्या आत बहुधा पातळ काच असते. पिशवीत डब्याचं झाकण किंवा चार्जरचं टोक दाबलं गेलं की ती फुटते, आणि नवा पडदा टॅबलेटच्या किमतीच्या जवळ जातो. कडक पुठ्ठ्याचं कव्हर घ्या आणि प्रवासात टॅबलेट लॅपटॉपच्या कप्प्यात उभा ठेवा. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत तो कधीही सोडू नका. १३.३ इंची यंत्र सहाशे ग्रॅमच्या पुढे जातं, एका हातात धरून वाचण्यापेक्षा स्टँडवर ठेवलेलं सोयीचं. दिवा आणि वाय-फाय चालू असताना बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकेल ही अपेक्षा ठेवू नका. पुस्तक उतरवून झालं की वाय-फाय बंद करा, मग दोन चार्जिंगमधलं अंतर चांगलंच वाढतं.