कॉलेजची फी, शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज : या चुका टाळा

अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र किंवा व्यवस्थापन यांसारख्या अभ्यासक्रमांची फी कशी भरायची, याचा विचार पुण्यातील बहुतेक कुटुंबे प्रवेश पक्का झाल्यावरच सुरू करतात. महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात अनेक वर्षे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, सवलत मिळेल की नाही याचा निकाल महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी, प्रवेश कोणत्या मार्गाने घेतला त्यावर लागलेला असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून मिळालेली जागा सोडून संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरत असलेल्या जागेवर प्रवेश घेणे. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी असलेली, आजही सर्वजण ‘ईबीसी’ (आर्थिकदृष्ट्या मागास) सवलत म्हणून ओळखतात ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असल्यास लागू होते, पण त्यासाठी प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. हडपसरच्या एका टेम्पोचालकाची मुलगी ओबीसी प्रवर्गातील होती आणि तिला कॅपमधून माहिती तंत्रज्ञान शाखा मिळाली होती. ‘संगणक शाखाच घ्या, शिष्यवृत्तीचे नंतर पाहू,’ असे एका मध्यस्थाने सांगितले आणि घरच्यांनी व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतील, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र व्यवस्थापन कोट्यातील आणि संस्थास्तरावरील प्रवेश त्यातून वगळलेले आहेत. आई-वडील माझ्या टेबलासमोर आले तेव्हा कॅपच्या सर्व फेऱ्या संपल्या होत्या आणि त्या मुलीची माफी चारही वर्षांसाठी हातची गेली होती. नावडत्या शाखेतही मन लावून शिकता येते. कोट्यातील प्रवेशाची नोंद मात्र पुढच्या वर्षी बदलून मिळत नाही. ‘नंतर पाहू’ म्हणणाऱ्या माणसाला फी भरायची नसते, हे पालकांनी पक्के लक्षात ठेवावे.

दुसरी चूक बँक खात्याची आहे, आणि ती दर वर्षी पाहून मला खरोखर वाईट वाटते. खात्याला आधार क्रमांक दिलेला आहे म्हणजे काम झाले, असे विद्यार्थी समजतात. प्रत्यक्षात रक्कम आधार क्रमांकावर पाठवली जाते आणि एनपीसीआय या बँकांमधील व्यवहारांची यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेच्या नोंदीत त्या आधारशी जे खाते सीड केलेले, म्हणजे जोडलेले असेल, त्यातच ती जमा होते. इंदापूर तालुक्यातील एक विद्यार्थी शिष्यवृत्ती आलीच नाही म्हणून कित्येक महिने महाविद्यालय आणि समाजकल्याण कार्यालय यांच्यामध्ये हेलपाटे घालत होता. सिमकार्ड घेताना दुकानदाराने त्याच्या नावाने एक खाते उघडून दिले होते, आधार त्याच खात्याशी सीड झाला होता आणि रक्कम तिथे पडून होती. माय आधार संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती काही मिनिटांत दिसते. ती मला मोबाईलवर दाखवल्याशिवाय मी कोणाचेही कागद हातात घेत नाही. मुले कंटाळतात, पण माझी ही सवय मी सोडणार नाही.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचाच लागतो, पगाराची पावती चालत नाही; म्हणून तो बारावीचा निकाल लागण्यापूर्वीच काढून ठेवावा. आरक्षित प्रवर्गातील विद्यार्थ्यांनी जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करावा. महाविद्यालयाने त्रुटीसाठी परत पाठवलेला अर्ज दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही, तर तो तिथेच अडकतो. शिष्यवृत्तीचे नूतनीकरण दर वर्षी करावे लागते. वसतिगृहात किंवा भाड्याने राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे आणि तिचा अर्ज वेगळा भरावा लागतो.

शैक्षणिक कर्जाकडे वरील सर्व वाटा तपासून झाल्यावरच वळावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळते, आणि 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या काळात 3 टक्के व्याजसवलत आहे; परंतु इतर सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेणाऱ्याला ती लागू होत नाही. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, म्हणून व्याजही नसते, हा समज तर सर्रास आढळतो. दर वर्षी दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत 6 लाख रुपये 10 टक्के दराने उचलले आणि शिक्षणानंतर हप्ते सुरू करण्यासाठी एक वर्षाची मुदत घेतली, तर सरळव्याजानेही पहिल्या हप्त्याआधी सुमारे 2 लाख 10 हजार रुपये व्याज झालेले असते. त्यामुळे मी पालकांना हप्ता सुरू होण्याची वाट न पाहता दरमहा निदान व्याज तरी भरायला सांगतो, आणि कर्जमंजुरीच्या पत्रातील व्याजाचा तक्ता बँकेत बसूनच, सही करण्यापूर्वी, समजून घ्यायला लावतो.